सीमाभागातील मराठी शाळेत इंग्रजी शिकवताना: ऑनलाइन साहित्य निवडावे कसे आणि धोरणाच्या बातम्या वाचाव्यात कशा

प्रश्न: खानापूर तालुक्यातील एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत मी चार वर्षांपासून पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवते. इंग्रजी अध्यापनाच्या शंभराहून अधिक लिंका मोबाइलमध्ये साठल्या आहेत, पण वर्गात त्यांतले फारसे काही उतरत नाही. शिक्षण धोरणाच्या बातम्याही रोज नव्या येतात. त्यांतली आपल्याला लागू कोणती, हे कळत नाही. काय वाचावे आणि काय सोडावे?

उत्तर: आपण दोन प्रश्न वेगवेगळे मांडले आहेत, पण मला दोन्हींचे दुखणे एकच वाटते. हाती आलेला मजकूर कोणत्या मुलासाठी लिहिला आहे आणि कोणत्या राज्यासाठी काढला आहे, एवढे पाहण्याआधीच आपण तो उचलतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात ही चूक इतर ठिकाणांपेक्षा अधिक होते, कारण आपण वर्तमानपत्र मराठी वाचतो, परिपत्रक कन्नडमध्ये घेतो आणि अध्यापनाचे व्हिडिओ इंग्रजीत पाहतो. सत्तावीस वर्षे मराठी माध्यमाच्या वर्गात इंग्रजी शिकवून आणि त्यांतली काही वर्षे प्रशिक्षणांत साधन व्यक्ती म्हणून काम करून मी हे लिहीत आहे. चुका मीही केल्या आहेत, त्यांतली एक पुढे सांगेन.

आधी साहित्याविषयी. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या शिक्षकांसाठी इंटरनेटवर जे साहित्य सर्वाधिक आढळते, त्याचा मोठा भाग अमेरिकेतला आहे. तिथे ‘इंग्लिश लर्नर’ हा नुसता वर्णनाचा शब्द नाही, ती कायद्याने ठरवलेली वर्गवारी आहे. ज्या मुलाच्या घरी दुसरी भाषा बोलली जाते आणि ज्याला शाळेतले सगळे विषय इंग्रजीतूनच शिकावे लागतात, असे ते मूल. सॅन फ्रान्सिस्कोमधील चिनी भाषक मुलांच्या बाजूने 1974 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात निकाल दिला. अशा मुलांना इतरांसारखेच पुस्तक आणि तोच वर्ग दिला म्हणजे समान संधी दिली असे होत नाही, हा त्या निकालाचा गाभा होता. पुढे 2015 च्या शिक्षण कायद्यातही या मुलांसाठी वेगळे प्रकरण आणि वेगळा निधी ठेवला गेला. त्यामुळे ‘कोलोरीन कोलोराडो’ या संकेतस्थळावरचा एखादा उत्तम लेख आपण उघडतो, तेव्हा त्या लेखकाच्या डोळ्यांसमोरचे मूल दिवसाचे सहा तास इंग्रजी ऐकत असते, बसमध्ये आणि दुकानात ऐकत असते, आणि त्याला विज्ञानाचा तास समजावा म्हणून शिक्षक धडपडत असतो. आपले मूल चाळीस मिनिटे इंग्रजी ऐकते. उरलेला दिवस घरी मराठी, बाजारात आणि एसटीत मराठी-कन्नड, टीव्हीवर हिंदी असा जातो. दोघेही इंग्रजी शिकत असले, तरी एकाचे औषध दुसऱ्याला त्याच मात्रेत चालत नाही.

म्हणून ते साहित्य टाकून द्यावे असे मात्र मी म्हणणार नाही. त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे: धडा सुरू करण्यापूर्वी त्यातले सहा-सात अवघड शब्द चित्राने किंवा वस्तूने ओळखीचे करून घेणे, मुलाने उत्तर द्यावे म्हणून वाक्याचा अर्धा साचा फळ्यावर लिहून ठेवणे, मूल गप्प आहे म्हणजे त्याला काही येत नाही असे न समजणे, आणि घरच्या भाषेला अडथळा न मानता तिचा आधार घेणे. तिथून आणू नये ते म्हणजे त्यांचा वेग, त्यांच्या उताऱ्यांची लांबी आणि त्यांचे ऋतू. मी एकदा हिमवर्षावामुळे शाळेला मिळालेल्या सुट्टीवरचा एक उतारा वर्गात नेला होता. अर्धा तास बर्फ म्हणजे काय हे सांगण्यात गेला आणि मुलांच्या डोळ्यांसमोर शेवटी बर्फाचा गोळाच राहिला. पुढच्या वर्षी मी तोच उतारा बदलला: जुलै महिना, कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस, नाल्यावर पाणी चढलेले, आणि सुट्टी जाहीर झाल्याचा निरोप. वाक्यरचना तीच ठेवली, शब्द सोपे केले. त्या दिवशी मुलांनी आपणहून आणखी चार वाक्ये जोडली. साहित्य ‘आपल्याकडचे करणे’ याचा अर्थ इतकाच, आणि त्यासाठी संध्याकाळचा अर्धा तास पुरतो.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. परदेशी संकेतस्थळ आज आहे म्हणून उद्या असेलच असे नाही. व्हॉइस ऑफ अमेरिकेचे सोप्या इंग्रजीतले प्रसारण 1959 पासून सुरू होते. सुमारे दीड हजार शब्दांच्या मर्यादेत, संथ गतीने वाचलेल्या त्या बातम्या आमच्या पिढीतल्या कित्येक शिक्षकांनी रेडिओवर ऐकून आपला कान तयार केला. मार्च 2025 मध्ये अमेरिकी सरकारच्या आदेशानंतर त्या संस्थेचे काम थांबले आणि नवे धडे येणे बंद झाले. त्याच महिन्यात तिथल्या शिक्षण खात्यात मोठी कर्मचारी कपात झाली आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे काम पाहणारे कार्यालय जवळपास रिकामे झाले. या मुलांच्या हक्कांविषयी 2015 साली शाळांना दिलेली मार्गदर्शक सूचनाही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मागे घेण्यात आली. ही बातमी आपल्या वर्गाला लागू नाही, पण तिचा परिणाम आपल्या मोबाइलमधल्या लिंकांवर होतो. जे उपयोगाचे वाटेल ते त्याच दिवशी उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवावे. तसेही हेम्मडगा, आमगाव, गवाळी या भागांत शाळेत रेंज मिळेल या भरवशावर तासाची आखणी करता येत नाही. खानापुरात किंवा बेळगावात आलात की उतरवून घेणे, हाच रस्ता आहे.

आता जवळचे साहित्य. सर्वांत आधी आपलेच पाठ्यपुस्तक. कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या संकेतस्थळावर सर्व माध्यमांची पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य मिळतात, मराठी माध्यमाचीही. इथे एक बारकावा नवीन शिक्षकांच्या नजरेतून निसटतो. हायस्कूलला दुसरी भाषा म्हणून इंग्रजीचे पुस्तक वेगळे आणि तिसरी भाषा म्हणून वेगळे आहे. यूट्यूबवर ‘कर्नाटक दहावी इंग्रजी’ असे शोधले की बहुतेक व्हिडिओ यांपैकी एकाच पुस्तकावरचे निघतात. आपली सातवीची मुले पुढे ज्या हायस्कूलला जाणार आहेत, तिथे इंग्रजी कोणत्या क्रमाची भाषा आहे हे विचारून ठेवा. दहावीला पहिल्या भाषेची प्रश्नपत्रिका अंतर्गत गुणांसह 125 गुणांची असते आणि दुसरी व तिसरी भाषा प्रत्येकी 100 गुणांची. पण गुण सारखे असले तरी पुस्तक सारखे नसते. पुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शैक्षणिक मंचाकडे नेतो. हा मंच सप्टेंबर 2017 मध्ये सुरू झाला आणि त्यावर चांगले-वाईट दोन्ही आहे. माझा अनुभव असा की त्यावरचे व्हिडिओ मुलांना दाखवण्यापेक्षा आदल्या दिवशी शिक्षकाने पाहणे अधिक फायद्याचे ठरते.

सर्वाधिक भर मी ‘स्टोरीवीव्हर’वर देईन. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेला हा गोष्टींचा मुक्त संग्रह आहे. गोष्टी चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत, आणि मुख्य म्हणजे एकच गोष्ट बऱ्याचदा मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजीतही मिळते. परवाना मुक्त असल्यामुळे छापून वाटायला कोणाची परवानगी लागत नाही. माझी रीत अशी होती: शनिवारी सकाळच्या शाळेत गोष्ट मराठीतून वाचायची, हसायचे, बोलायचे, काहीही लिहायचे नाही. सोमवारी तीच गोष्ट इंग्रजीत समोर ठेवायची. अर्थ आधीच कळलेला असल्यामुळे मूल शब्दांशी झटत बसत नाही. वाक्य कसे बसले आहे हे ते पाहू लागते. कन्नड शिकवणाऱ्या शिक्षकांची साथ मिळाली तर त्याच आठवड्यात ‘तिळी कन्नड’च्या, म्हणजे मराठी माध्यमातल्या कन्नड पाठ्यपुस्तकाच्या तासाला तीच गोष्ट कन्नडमध्ये. आमच्याकडे एक वर्ष हे जमले, दुसऱ्या वर्षी बदल्या झाल्या आणि राहिले. पातळी निवडताना संकोच करू नका. सातवीच्या वर्गाला पहिल्या पातळीची गोष्ट दिली म्हणून कोणाचा अपमान होत नाही. न झेपणारी गोष्ट दिली, तर मात्र मूल पुस्तक मिटते.

शिक्षकासाठी म्हणून दोन ठिकाणे पुरेत. एक ‘टेस-इंडिया’: ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीच्या पुढाकाराने भारतातील सात राज्यांसाठी तयार झालेले हे मुक्त साहित्य आहे आणि त्या राज्यांत कर्नाटक आहे. प्राथमिक आणि माध्यमिक इंग्रजीचे स्वतंत्र भाग आहेत, आणि त्यातला वर्ग आपल्या वर्गासारखा दिसतो: मुले पुष्कळ, बाके कमी, फळा एक. दुसरे ब्रिटिश कौन्सिलचे ‘टीचिंग इंग्लिश’. कर्नाटकच्याच शिक्षकांसाठी आयटी फॉर चेंज या संस्थेच्या सहकार्याने उभा राहिलेला ‘कोएर’ हा मुक्त साहित्याचा संग्रहही चाळावा, पण तो मुख्यतः कन्नड आणि इंग्रजीत आहे. सीमेपलीकडच्या बालभारतीची ई-पुस्तके जरूर वापरा. ‘माय इंग्लिश बुक’ ही मालिका मराठी माध्यमाच्या मुलाला समोर ठेवून लिहिलेली असल्यामुळे पूरक वाचनाला फार सोयीची आहे. मात्र परीक्षेच्या तयारीसाठी तिचा उपयोग करू नका. घटक आणि प्रश्नांची रीत वेगळी आहे. हल्ली काही शिक्षक कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून सरावपत्रिका करून घेतात. करावी, वेळ वाचतो. पण आपल्या पुस्तकाचे पान समोर ठेवून ती तपासल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नये.

प्रत्यक्ष प्रशिक्षणाला ऑनलाइन अभ्यासक्रम पर्याय नाहीत. बेंगळुरूच्या ज्ञानभारती परिसरातील दक्षिण भारत प्रादेशिक इंग्रजी संस्था 1963 पासून शिक्षकांना शिकवत आहे. तिथला तीस दिवसांचा निवासी वर्ग मिळाला तर घरची अडचण कशीतरी सोडवून जावे. तिथे अध्यापन पद्धतीपेक्षाही मोठी गोष्ट मिळते: महिनाभर इंग्रजी बोलावे लागते. मराठी माध्यमात शिकून मराठी माध्यमात शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांची खरी अडचण पद्धत नसून बोलण्याचा संकोच असते, हे उघड बोलायला हरकत नसावी.

या सगळ्या साहित्यात एक गोष्ट कोठेच लिहिलेली सापडत नाही, ती आपल्या मुलांच्या तोंडी असते. पुणेरी किंवा अमेरिकी लेखकाला जे ठाऊक नाही, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून इथे थोडे थांबतो.

बेळगाव-खानापूरचे मूल ‘मी लिहितो’ आणि ‘मी लिहायलोय’ यांत कधीही गल्लत करत नाही. पहिले सवयीचे, दुसरे आता चाललेले. इंग्रजीतील ‘आय राइट’ आणि ‘आय ॲम रायटिंग’ यांचा फरक हाच आहे. व्याकरणाची व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी ‘काय करायलास?’ असे विचारा, मूल ‘खायलोय’ म्हणेल, आणि तिथून थेट इंग्रजीत या. वर्षानुवर्षे आपण मुलांचे हे ‘करायलोय’ अशुद्ध म्हणून खोडत आलो. इंग्रजीच्या तासाला तरी ते आपले सर्वांत चांगले साधन आहे. याच वाटेने आणखी एक चूक सुटते. ‘आय ॲम नोइंग’ म्हणणाऱ्या मुलाला विचारा, आपण ‘मला माहीत व्हायलंय’ म्हणतो का? नाही, ‘माहीत आहे’ म्हणतो. कन्नडमध्येही ‘ननगे गोत्तु’. मग इंग्रजीतही ‘आय नो’. तीन भाषा एका ओळीत उभ्या राहिल्या की मुलाला नियम सांगावा लागत नाही.

उलट काही ठिकाणी मराठी आणि कन्नड एका बाजूला उभ्या असतात आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला. ‘मला दोन भाऊ आहेत’, कन्नडमध्ये ‘ननगे इब्बरु तम्मंदिरु इद्दारे’. दोन्हींत ‘मला’ आहे, क्रियापद शेवटी आहे. इंग्रजीत मात्र ‘आय हॅव’. मूल ‘टू मी टू ब्रदर्स’ असे काही बोलले तर ते चुकून बोललेले नसते, त्याच्या दोन्ही भाषांचा नियम ते पाळत असते. अशा जागी घाई करू नये. ‘हॅव’ हा एक शब्द मी दोन आठवडे फिरवत असे: बैल, शेत, सायकल, बहिणी, भूक सोडून सगळे. भुकेला इंग्रजी पुन्हा वेगळीच वाट धरते, म्हणून ती मुद्दाम शेवटी.

उच्चारांचेही तसेच. मराठी लिपीत ऱ्हस्व ‘ए’साठी वेगळे अक्षर नाही, म्हणून ‘पेन’ म्हणजे लेखणी आणि ‘पेन’ म्हणजे वेदना हे देवनागरीत सारखेच दिसतात, ‘वेट’ म्हणजे ओले आणि ‘वेट’ म्हणजे थांब हेही. कन्नडमध्ये हा भेद आहे. ‘एरडु’ म्हणजे दोन, त्यातला ‘ए’ आखूड. ‘एळु’ म्हणजे सात, त्यातला लांब. आपल्या मुलांना हे आकडे बसच्या तिकिटामुळे आणि कन्नडच्या तासामुळे तोंडपाठ असतात. ‘एरडु’सारखा ‘ए’ म्हणा, ‘एळु’सारखा ‘ए’ म्हणा, असे सांगितले की काम होते. पुण्याच्या मुलाला हा आधार मिळत नाही. ‘जी’ आणि ‘झेड’च्या उच्चारासाठी मात्र मराठीच उपयोगी पडते, कारण ‘जेवण’मधला ज आणि ‘जवळ’मधला ज आपण जन्मापासून वेगळे उच्चारतो, फक्त लिहिताना एकच अक्षर काढतो. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’चे दुखणे मी शेवटपर्यंत पूर्ण सोडवू शकलो नाही. त्यावर फार वेळ घालवू नये, समजण्यात त्याने फारसे अडत नाही.

आता धोरणाच्या बातम्या. मघाशी म्हटलेली चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी भाषा विषयांच्या तासिकांविषयीचे एक पत्र माझ्या मोबाइलवर आले. मराठीत होते, शिक्का होता, सही होती. शाळा विकास समितीच्या बैठकीत मी ते पालकांना वाचून दाखवले आणि पुढच्या वर्षापासून असा बदल होणार, असे ठामपणे सांगितले. दोन दिवसांनी एका पालकाने शांतपणे विचारले, ‘सर, हे मुंबईचे नव्हे काय?’ पत्र महाराष्ट्राचे होते. मराठीत आहे म्हणून आपले आहे, असे मी धरून चाललो होतो.

तेव्हापासून मी आधी शब्द पाहतो. ‘शासन निर्णय’, ‘शालेय शिक्षण व क्रीडा विभाग’, ‘गटशिक्षणाधिकारी’, ‘केंद्रप्रमुख’ हे शब्द दिसले की ते पत्र पलीकडचे. आपल्याकडचे खाते ‘शाला शिक्षण मत्तु साक्षरता इलाखे’, अधिकारी बीईओ (तालुक्याचे शिक्षणाधिकारी) आणि सीआरपी (शाळांच्या समूहाचे साधन व्यक्ती), आणि कागद कन्नडमध्ये. त्या कन्नड कागदाच्या माथ्यावरचा एक शब्द पुरेसा असतो. ‘सुत्तोले’ म्हणजे परिपत्रक, ‘आदेश’ म्हणजे आदेशच, ‘नडवळिगळु’ असे शीर्षक असेल तर तो शासनाचा औपचारिक निर्णय, ‘ज्ञापन’ म्हणजे कार्यालयीन सूचना, आणि ‘करडु’ असे असेल तर तो मसुदा. त्यावर हरकती मागवलेल्या असतात, अंमल सांगितलेला नसतो. त्याखाली ‘विषय’, ‘उल्लेख’ आणि ‘दिनांक’ हे तीन शब्द मराठीसारखेच आहेत. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून अर्थ कळतो, पण तारीख, इयत्ता आणि ‘अनुदानित’ की ‘विनाअनुदानित’ हे तीन तपशील कन्नड जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घ्यावेत. यंत्राचे भाषांतर नेमके तिथेच घसरते.

गोंधळाचे ठळक उदाहरण म्हणजे 2025 चा उन्हाळा. महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा निर्णय एप्रिलमध्ये निघाला, जूनमध्ये तो बदलला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस मागे घेतला गेला. आपल्याकडच्या पालकांनी मला महिनाभर विचारले, आमच्या मुलांना चार भाषा होणार का? त्या निर्णयाचा आपल्या शाळांशी काहीही संबंध नव्हता. संबंध होता तो दुसऱ्या बातमीशी, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. कर्नाटक सरकारने ऑक्टोबर 2023 मध्ये प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शिक्षण धोरणासाठी आयोग नेमला होता. त्याचा अंतिम अहवाल ऑगस्ट 2025 मध्ये सादर झाला. त्यात तीनऐवजी दोन भाषांचे धोरण आणि निदान पाचवीपर्यंत कन्नड किंवा मातृभाषेचे माध्यम अशा शिफारशी आहेत. ज्याची मातृभाषा कन्नड आहे त्याला दोन भाषा म्हणजे कन्नड आणि इंग्रजी, हे सोपे आहे. ज्याची मातृभाषा मराठी आहे आणि ज्याच्यासाठी 2015 च्या कन्नड भाषा शिक्षण कायद्याने कन्नडही अनिवार्य आहे, त्याच्या इंग्रजीच्या तासाचे काय होणार, हा प्रश्न आपल्या शाळांनी विचारायचा आहे. पण अहवाल म्हणजे शिफारस. ‘नडवळिगळु’ निघेपर्यंत आपले वेळापत्रक आहे तेच राहते, आणि पालकांनाही इतकेच सांगावे.

राष्ट्रीय धोरणाच्या बातम्यांनाही हीच चाळणी लावावी. शिक्षण हा विषय 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारात गेला, त्यामुळे केंद्र धोरण ठरवते आणि राज्य ते स्वीकारते, बदलते किंवा नाकारते. न्यायालयाचे निकाल मात्र वेगळे. ते सरळ लागू होतात, म्हणून ते नीट वाचावेत. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटकच्याच प्रकरणात निर्णय दिला की प्राथमिक शाळेवर मातृभाषेचे माध्यम राज्याला लादता येत नाही. पालक मुलाला इंग्रजी माध्यमात नेतो तेव्हा त्याला तो अधिकार आहे. त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा आपल्या वर्गातले इंग्रजी त्याला ऐकवणे मला नेहमी अधिक उपयोगी पडले. दुसरा निकाल 1 सप्टेंबर 2025 चा. पाच वर्षांपेक्षा अधिक सेवा शिल्लक असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास त्यात सांगितले आहे. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे, त्यामुळे भाषिक अल्पसंख्याक संस्थांतील आपले सहकारी आणि सरकारी शाळेतील आपण यांची स्थिती एकसारखी नाही. आपली नेमणूक चार वर्षांपूर्वीची असल्यामुळे पात्रता परीक्षा आपण बहुधा दिलेलीच असेल, पण शाळेतल्या ज्येष्ठ शिक्षकांना हा फरक समजावून सांगा. समाज माध्यमांवर दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात फिरत आहेत.

एक लहानशी व्यावहारिक सूचना. आपल्या शाळा मेच्या अखेरीस उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. त्यामुळे तिथल्या शिक्षकांची वार्षिक नियोजने आणि सरावपत्रिका आपल्या मोबाइलवर पोहोचतात तेव्हा आपले पहिले दोन घटक होऊन गेलेले असतात. त्यांची वाट पाहू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःच्या पुस्तकावरून प्रत्येक धड्याला एक गोष्ट आणि एक खेळ एवढेच ठरवून उतरवून ठेवा, बाकीच्या लिंका पुसून टाकल्या तरी चालतील.

मुख्याध्यापकांनी पुस्तक पूर्ण झाले का विचारले, तर धडा वगळू नका, त्याची लांबी कमी करा. अवघड उताऱ्यातली पाच-सहा वाक्ये मुलांनी समजून वाचावीत, उरलेला उतारा आपण मराठीतून गोष्टीसारखा सांगावा, आणि पाठटाचणात तसे लिहून ठेवावे. तपासणीला आलेल्या सीआरपींना मी ती नोंद दाखवत असे आणि मग एखाद्या मुलाला उभे करून ती पाच वाक्ये वाचायला सांगत असे.